अमेरिकेतलं जुनं फर्निचर आणि भांडीकुंडी बघताना गुलामगिरी कुठे शोधायची

आई-बाबा इकडे आले की लिबर्टी बेल, व्हाइट हाऊस, नायगारा सगळं झाल्यावर एखादं जुनं ऐतिहासिक घर किंवा म्युझियम बघायला नेतो आपण. गाइड सांगतो हे टेबल 1760 चं, ही चांदीची साखरदाणी बॉस्टनची, आई म्हणते लाकूड काय सुंदर आहे गं, बाबा किंमत विचारतात आणि आपण बाहेर पडतो. गुलामगिरी कुठे दिसली? फार तर मागच्या अंगणात एक पाटी. पण ती मागच्या अंगणात नव्हतीच फक्त, ती त्याच दिवाणखान्यात होती, टेबलावर होती आणि टेबलाच्या लाकडात पण होती.

तर ती कशी बघायची ते सांगते. आधी एकच सूचना, काळ्या माणसाचं चित्र किंवा पुतळा शोधत बसू नका. तेही असतात, त्यांच्याकडे येऊच, पण ज्या वस्तूवर एकही काळा चेहरा नाही तिच्यातच बहुतेक वेळा जास्त भरलेलं असतं आणि नेमकं तिथेच लेबल गप्प असतं.

लाकडाची ओळ वाचा

लेबलच्या सगळ्यात खाली बारीक अक्षरात कुठलं लाकूड ते दिलेलं असतं, आपण कधीच वाचत नाही, ते वाचा. महॉगनी, ट्युलिप पॉप्लर, व्हाइट पाइन असं काहीतरी असेल. पहिलं नाव दर्शनी लाकडाचं, पुढची आतल्या लाकडांची, म्हणजे ड्रॉवरचा तळ, पाठची फळी वगैरे. आतलं लाकूड साधारण तिथलंच, अक्रोड आणि चेरी पण तिथलीच. महॉगनी मात्र फिलाडेल्फियात काय न्यूपोर्टात काय, कुठेच उगवत नाही. ती यायची कॅरिबियनमधून, आधी मुख्यतः जमैकातून आणि तिथली सोयीची झाडं संपत आली तशी होंडुरासच्या आखातातून, म्हणजे आजच्या बेलिझकडून.

तोडणारे गुलाम. हे काम कसं चालायचं ते कळलं ना की मग ते चकचकीत टेबल वेगळंच दिसायला लागतं. महॉगनीची झाडं एका जागी रानभर नसतात, विखुरलेली असतात, म्हणून टोळीत एक 'हंट्समन' असायचा, तोही गुलामच, तो उंच झाडावर चढून पानांच्या रंगावरून लांबची महॉगनी हेरायचा आणि मग बाकीच्यांना घेऊन तिथवर वाट काढायचा. बुंध्याला पसरट मुळांच्या भिंती असतात त्यामुळे जमिनीलगत कुऱ्हाड चालत नाही, मग माचाण बांधून वरून तोडायचं, दिवसा उन्हात बैल टिकत नाहीत म्हणून रात्री मशालींच्या उजेडात ओंडके ओढायचे आणि पावसाळ्यात नदीला पूर आला की सोडून द्यायचे. जंगल वाचण्याची एवढी अक्कल त्या हंट्समनकडे, आणि लेबलवर नाव कुणाचं तर कॅबिनेटमेकरचं आणि गिऱ्हाइकाचं.

गिऱ्हाईक कोण हेही बघा. रोड आयलंड राज्यातल्या न्यूपोर्टच्या गोडार्ड आणि टाउनसेंड या क्वेकर (हा एक ख्रिस्ती पंथ) सुतार घराण्यांचं काम अमेरिकन फर्निचरमध्ये डोक्यावर घेतात (आहेच तसं, शिंपल्यासारखं कोरीवकाम बघत राहावं असं). त्यांच्याकडचं समजलं जाणारं, निकोलस ब्राउनसाठी बनवलेलं एक डेस्क 1989 साली क्रिस्टीजच्या लिलावात 1 कोटी 21 लाख डॉलरना गेलं. आता हा निकोलस ब्राउन कोण? प्रॉव्हिडन्सच्या चार ब्राउन भावांपैकी एक. या भावांनी 1764 मध्ये 'सॅली' नावाचं जहाज आफ्रिकेला पाठवलं, 196 माणसं विकत घेतली गेली आणि त्यातली किमान 109 मेली. त्याच कुटुंबावरून ब्राउन युनिव्हर्सिटीचं नाव पडलं आणि 2006 मध्ये युनिव्हर्सिटीनेच स्वतःचा हा इतिहास खणून रिपोर्ट काढला. भावांपैकी मोझेस पुढे गुलामगिरीच्या विरोधात गेला हेही सांगायला हवं. पण डेस्क घडलं ते ज्या शहरात आणि ज्या पैशावर, तिथे रम आफ्रिकेला जायची, माणसं कॅरिबियनला जायची आणि मळी परत येऊन तिची पुन्हा रम व्हायची.

म्हणून लेबलवर 'वेस्ट इंडिया मर्चंट' दिसलं की थांबायचं. तो साखर, मळी, रम यातला व्यापारी आणि बरेचदा माणसांचाही. 'प्लँटर' म्हणजे शेतकरी नाही, गुलामांचा मालक. 'सर्व्हंट' जुन्या लेबलवर आणि जुन्या पत्रांत सर्रास गुलामासाठी वापरलेला असतो, पगारी नोकर समजू नका.

साखरेला कुलूप

चहाचा सेट बघताना साखरदाणी किती मोठी आहे ते बघा आणि तिला कुलूप आहे का तेही. साखर तेव्हा मोठ्या शंकूसारख्या ढेपेत यायची, निळ्या कागदात गुंडाळलेली, ती फोडायला खास अडकित्त्यासारखा चिमटा असायचा, तो स्वयंपाकघराच्या केसमध्ये ठेवलेला दिसतो. चहाचे डबे तर कुलपाचेच. केंटकी-टेनेसीकडे एक वेगळाच प्रकार बघायला मिळतो, शुगर चेस्ट, म्हणजे पायांवर उभी लाकडी पेटी, आत साखरेसाठी कप्पे आणि वर कुलूप. ती साखर बरेचदा लुइझियानाची, तिथे 1795 मध्ये एटिएन द बोरे या मळेवाल्याने साखरेचे दाणे पाडण्यात यश मिळवलं आणि त्यानंतर तिथे उसाचे मळे आणि गुलामांचा बाजार दोन्ही फोफावले.

आता गंमत बघा, ऊस तोडला आणि रस उकळला गुलामांनी, ती साखर चहात घालून टेबलावर आणायची गुलाम बाईने आणि कुलूपही तिच्यापासूनच. किल्ली मालकिणीच्या कमरेला. त्यामुळे कुठलीही पेटी बघताना किल्लीचं भोक आहे का बघा, आणि कुणापासून हे कुलूप असं गाइडला विचारा. चांगला गाइड असेल तर खूश होतो, नसेल तर विषय बदलतो, दोन्हीतून काय ते कळतं.

भात कोरलेला पलंग

हे साउथ कॅरोलिनातलं. चार्ल्स्टनच्या चार खांबी पलंगांच्या खांबांवर भाताच्या लोंब्या कोरलेल्या असतात, त्याला राइस बेड म्हणतात. आपल्या कोकणातल्या माणसाला लांबूनही ओळखू येतील अशा लोंब्या. दुकानदार सांगतो की समृद्धीचं प्रतीक. हो, समृद्धीच, पण चार्ल्स्टनची श्रीमंती उभी होती ती दलदलीत बांध घालून भात पिकवणाऱ्या आफ्रिकन गुलामांवर, आणि त्यातले बरेच जण आफ्रिकेच्या भात पिकवणाऱ्या किनाऱ्याकडून आणलेले. आणि कोरलं कुणी? थॉमस एल्फ या चार्ल्स्टनच्या नामवंत कॅबिनेटमेकरची 1768 ते 1775 ची हिशोबाची वही शिल्लक आहे, त्याच्या मालकीचे गुलाम कारागीर होते. म्हणजे एल्फचं काम म्हणून जे दाखवतात त्यात नक्की कुणाचा हात, हे ठामपणे सांगता येत नाही.

त्या पलंगासोबत म्युझियममध्ये 'फॅनर बास्केट' आहे का बघा. मोठी पसरट टोपली, भात पाखडायची, आपलं सूपच की ते, फक्त गोल. बांबूचं नाही, लव्हाळ्यासारख्या गवताचं, वेटोळं घालून शिवलेलं. पलंग मखमली दोरीच्या पलीकडे आणि टोपली बहुतेक 'फोक आर्ट' म्हणून दुसऱ्या मजल्यावर. दोन्ही एकाच पिकाच्या वस्तू आहेत, तुम्ही मनात तरी शेजारी ठेवा. ही विणण्याची कला गुल्ला लोकांनी, म्हणजे तिथल्या किनाऱ्यावरच्या त्याच गुलामांच्या वंशजांनी, आजपर्यंत टिकवली आहे, चार्ल्स्टनजवळ माउंट प्लेझंटला हायवे 17 च्या कडेला बायका टोपल्या विकायला बसतात. घासाघीस करू नका प्लीज, एका टोपलीला खूप वेळ जातो.

जे दिसू नये म्हणून बनवलं

मॉंटिसेलोला, म्हणजे थॉमस जेफरसनच्या व्हर्जिनियातल्या घरी गेलात तर डायनिंग रूममध्ये नीट बघा. फायरप्लेसच्या दोन्ही बाजूंना छोटे लिफ्ट आहेत, खालच्या तळघरातून वाइनच्या बाटल्या वर यायच्या. एक दार मधल्या खिळ्यावर गोल फिरतं आणि त्याच्या पाठीला फळ्या आहेत, बाहेरून फळ्यांवर ताटं ठेवायची, दार फिरवलं की जेवण आत. सगळे म्हणतात काय डोकं होतं जेफरसनचं! होतंच. पण हे यंत्र कशासाठी आहे? वाढणारा माणूस पाहुण्यांना दिसू नये आणि त्यांचं बोलणं त्याच्या कानावर पडू नये म्हणून. स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणाऱ्या या माणसाने आयुष्यभरात 600 हून जास्त माणसं गुलाम म्हणून ठेवली. त्याचं काही फर्निचर घरच्याच जॉन हेमिंग्ज या गुलाम सुताराने केलेलं. जेफरसनच्या नातीसाठी हेमिंग्जने एक लिहायचं डेस्क बनवलं होतं, ते 1825 मध्ये बॉस्टनला पाठवताना समुद्रात बुडालं. जेफरसन वारल्यावर 1827 च्या जानेवारीत घरातल्या सामानाबरोबर माणसंही लिलावाला निघाली, जाहिरातीत 130 गुलाम. फर्निचर आणि माणसं एकाच जाहिरातीत.

तर जुन्या घरात फिरताना चोरजिने, छोटे लिफ्ट, नोकरांसाठीच्या घंटा, जाडजूड मधली दारं, अशा सगळ्या 'सोयी' वहीत लिहून काढा. ही पण शोभाच आहे एक प्रकारची.

नाव शोधा, बरेचदा असतं

एजफील्ड, साउथ कॅरोलिना. इथे 1800 नंतर दगडी मातीची मोठमोठी भांडी व्हायची, हिरवट-तपकिरी झिलईची, मांस नि चरबी साठवायला. त्यातल्या काहींवर ओल्या मातीत कोरलेली तारीख आणि सही असते, 'डेव्ह'. हा डेव्हिड ड्रेक, गुलाम कुंभार, 1800 च्या आसपास जन्मलेला. साउथ कॅरोलिनाने 1834 मध्ये गुलामांना लिहायला-वाचायला शिकवण्याविरुद्ध कायदा कडक केला आणि त्याच वर्षीची, 12 जुलैची, ड्रेकची पहिली ज्ञात कविता एका बरणीवर आहे. कायदा एकीकडे आणि हा गडी बरणीवर दोन ओळींचं यमक जुळवून खाली तारीख टाकतोय. कधी बरणीत किती मावेल याची थट्टा, कधी बायबल, आणि 16 ऑगस्ट 1857 च्या बरणीवर अशा अर्थाच्या ओळी की माझी सगळी नातीगोती कुठे असतील कोण जाणे, सर्वांशी मैत्री, प्रत्येक राष्ट्राशी. माणसं विकून घरं फोडली जात होती तेव्हाची ही ओळ आहे, आणि लिहिलीय ती मांस साठवायच्या बरणीवर. 1859 मध्ये त्याने आणि बॅडलर नावाच्या दुसऱ्या कुंभाराने मिळून केलेली प्रचंड बरणी चार्ल्स्टन म्युझियममध्ये आहे, 40 गॅलनच्या वर माल मावतो, म्हणजे दीडशे लिटर. ती उचलून भट्टीत नेणं हाच एक पराक्रम.

काचेबाहेरून ड्रेकची बरणी बघताना खांद्याजवळचा भाग तिरक्या नजरेने बघा, समोरून अक्षरं झिलईत बुडतात. 'एल एम' अशी अक्षरं दिसली तर ती मालकाची, लुइस माइल्सची.

एजफील्डचेच माणसाच्या चेहऱ्याचे मातीचे चंबू असतात, 'फेस जग' म्हणतात त्यांना, पांढऱ्या मातीचे डोळे आणि दात बसवलेले. बघून दचकायला होतं आणि पटकन वाटतं की ही वर्णद्वेषी थट्टा आहे. नाही, हे काळ्या कुंभारांनी स्वतः केलेले. 1858 मध्ये 'वाँडरर' या जहाजातून बेकायदा आणलेली काँगो भागातली काही माणसं एजफील्डला पोचली होती, आणि या चंबूंचा त्यांच्या श्रद्धांशी संबंध जोडला जातो. म्हणजे चेहरा कुणी केला आणि कुणासाठी, हे कळल्याशिवाय निकाल द्यायचा नाही.

नॉर्थ कॅरोलिनात मिल्टनला थॉमस डे म्हणून स्वतंत्र काळा कॅबिनेटमेकर होता, त्याचे वळणदार जिन्याचे खांब अजून जुन्या घरांत आहेत, आणि त्याने स्वतः गुलाम ठेवले होते. हे पचायला जड जातं पण लपवू नका, मुलं विचारतील तेव्हा आहे तसं सांगा.

आता चित्रं आणि पुतळे

मेरीलँडमध्ये 1710 च्या सुमाराचं एक पोर्ट्रेट आहे, युस्टस एंगेलहार्ट क्यून या चित्रकाराचं. हेन्री डार्नल नावाचा छोटा श्रीमंत मुलगा थाटात उभा आणि मागे त्याच्याच वयाचा काळा मुलगा, हातात मारलेला पक्षी आणि गळ्यात धातूचा पट्टा. असं चित्र दिसलं की तीन गोष्टी बघा: कोण कुणाकडे बघतंय, कुणाचं नाव लिहिलंय आणि गळ्यात काय आहे. त्या पोराचं नाव लेबलवर नाही.

गुलामगिरीविरोधी वस्तूही तितक्याच बारकाईने बघा. जोसाया वेजवुड या इंग्लिश कुंभार-कारखानदाराने 1787 मध्ये एक छोटं मेडल काढलं, साखळदंडातला काळा माणूस गुडघ्यावर बसून विचारतोय, मी माणूस नाही का, भाऊ नाही का. 1788 मध्ये त्यातली काही फिलाडेल्फियाला बेंजामिन फ्रँकलिनकडे पाठवली. बायका ती ब्रेसलेटमध्ये, केसांच्या पिनांत घालायच्या, फॅशनच झाली. हेतू चांगला, परिणामही झाला, पण आकृती बघा, तो गुडघ्यावरच आहे आणि हात जोडून मागतोय. ड्रेक आपल्या बरणीवर तारीख टाकून सही करतो, तो कुणापुढे हात जोडत नाही. ही दोन्ही एकाच दिवशी बघायला मिळाली तर सोडू नका.

आणि आपल्यासाठी खास, 1820 च्या दशकातल्या इंग्लिश साखरदाण्या, ज्यांच्यावर लिहिलेलं असतं 'ईस्ट इंडिया शुगर, गुलामांनी न केलेली'. म्हणजे कॅरिबियनची साखर नको, हिंदुस्थानची घ्या. अमेरिकेतही फिलाडेल्फियाच्या आसपास गुलामांच्या श्रमाशिवायचा माल विकणारी चळवळ त्याच सुमारास उभी राहिली. पण हिंदुस्थानात तेव्हा वेठबिगार आणि गुलामी नव्हती थोडीच! कंपनी सरकारने कायदा केला तो 1843 मध्ये. तेव्हा आपला उल्लेख आला म्हणून कॉलर ताठ करायचं कारण नाही.

तसंच अमेरिकन पलंगांवरचे छापील चिटाचे पलंगपोस. कोरोमंडल आणि गुजरातचं कापड. त्याच बाजारातलं सुती कापड जहाजांतून पश्चिम आफ्रिकेला जायचं आणि त्याच्या बदल्यात माणसं घेतली जायची. पियानोच्या पांढऱ्या पट्ट्यांचं हस्तिदंत कनेटिकटमधल्या आयव्हरीटन आणि डीप रिव्हरला कापलं जायचं, यायचं बरंचसं झांजिबारकडून, आणि त्याच झांजिबारचं हस्तिदंत मुंबईलाही उतरायचं. आतल्या भागातून किनाऱ्यापर्यंत ते वाहून आणणाऱ्यांत कितीतरी गुलाम.

अँटिक दुकानात काय जपायचं

जाड ओठ, वटारलेले डोळे, हसरी जाडी मॅमी (गोऱ्यांच्या घरची काळी दाई), असल्या विद्रूप वस्तू 'अर्ली अमेरिकन' म्हणून विकायला ठेवतात. बहुतेक त्या नसतात. असल्या वस्तूंचा पूर आला तो 1865 नंतर, गुलामगिरी कायद्याने संपल्यावर, विशेषतः 1880 पासून पुढे. नाणं गिळणाऱ्या काळ्या माणसाची लोखंडी बँक, म्हणजे पैसे साठवायचा गल्ला, त्याच काळातली. आधी माणूस मालकीचा होता तेव्हा त्याची शेल्फवर थट्टा मांडायची एवढी गरज पडली नव्हती, तो मोकळा झाल्यावर पडली, असं माझं मत. खूप नकली पण आहेत: जुन्या ओतीव लोखंडाचे सांधे घट्ट आणि पृष्ठभाग गुळगुळीत असतो, नकलीचा खरखरीत, सांध्यात फट, आणि प्लस खाचेचा स्क्रू दिसला तर वस्तू 1930 च्या आधीची असूच शकत नाही (असली असली तरी स्क्रू बदललेला). घरी आणून शोकेसमध्ये मांडू नका, बघायच्याच असतील तर मिशिगनमध्ये बिग रॅपिड्सला फेरिस स्टेट युनिव्हर्सिटीचं जिम क्रो म्युझियम आहे, तिथे संदर्भासकट बघा.

चार्ल्स्टनचे तांब्याचे गुलाम-बिल्ले, म्हणजे मालकाने भाड्याने दुसरीकडे कामाला पाठवलेल्या गुलामाला जवळ ठेवावे लागायचे ते, ज्यावर वर्ष, नंबर आणि काम कोरलेलं, यातही नकली माल प्रचंड. स्वस्तात मिळतोय म्हणजे खोटाच.

गोधड्यांचंही तसंच. क्विल्टच्या नक्षीत पळून जाण्याचे गुप्त संकेत असायचे ही गोष्ट शाळेत सुद्धा सांगतात, पण इतिहासकारांना तिचा पुरावा सापडलेला नाही. त्यापेक्षा हॅरिएट पॉवर्सची बायबल क्विल्ट बघा, स्मिथसोनियनकडे आहे. जॉर्जियात 1837 मध्ये गुलामीत जन्मलेली ही बाई, तंगी आली म्हणून तिला ती गोधडी 5 डॉलरला विकावी लागली.

घरबसल्या काय करता येईल

जुन्या काळी माणूस मेला की कोर्टासाठी त्याच्या मालमत्तेची यादी व्हायची, बरेचदा खोलीनिहाय, तिला म्हणतात इन्व्हेंटरी. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या वेबसाइटवर फुकट अकाउंट काढून काउंटी निवडा आणि प्रोबेटच्या (मृत्युपत्र, वारसा यांच्या) वह्या उघडा. एक महॉगनी टेबल, सहा खुर्च्या, चांदीचे चमचे आणि पुढच्याच ओळीत एखादी बाई आणि तिचं मूल, नाव, किंमत. जुन्या हस्ताक्षरात लांब 'एस' हा 'एफ'सारखा दिसतो, त्याने सुरुवातीला डोकं फिरतं, मग सवय होते. कारागिरांसाठी ब्लॅक क्राफ्ट्सपीपल डिजिटल आर्काइव्ह बघा, आणि पळून गेलेल्या गुलामांच्या जाहिराती कॉर्नेल युनिव्हर्सिटीच्या 'फ्रीडम ऑन द मूव्ह' या ऑनलाइन संग्रहात, त्यात 'चांगला सुतार आहे' अशी वर्णनं येतात, म्हणजे पकडायला निघालेल्या मालकानेच त्याच्या कसबाची साक्ष दिलेली.

न्यू जर्सीवाल्यांनी हे सगळं दक्षिणेतलं म्हणून सोडू नका. इथला 1804 चा कायदा फक्त पुढे जन्मणाऱ्या मुलांना मोकळं करणारा, तेही मुलींना 21 आणि मुलांना 25 वर्षं राबल्यावर. बर्गन काउंटीच्या डच घरांतली 'कास' नावाची भलीमोठी कपाटं तुम्ही पाहिली असतील, त्या घरांतही गुलाम होते. बॉस्टनकडे असाल तर मेडफर्डचं रॉयल हाऊस बघा, अँटिग्वाच्या साखरेच्या पैशाचं घर आणि शेजारी गुलामांची राहण्याची इमारत अजून उभी आहे. डेलावेअरचं विंटरथर, म्हणजे जुन्या अमेरिकन फर्निचर-भांड्यांचं मोठं म्युझियम, एका दिवसात होत नाही. आधी त्यांच्या वेबसाइटवर कलेक्शनमध्ये महॉगनी टाकून शोधा, चार-पाच वस्तूंचे नंबर लिहून घ्या, तेवढ्याच नीट बघा आणि प्रत्येकीची मूळ मालकी कुणाची ते तिथे विचारा.